परातीतली इंग्रजी

माझ्या मुलीला दुसरीत घ्यायचं की नाही, यावर दोन बाया इंग्रजीत बोलत होत्या आणि मी त्यांच्या समोरच्याच खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन बसले होते. मला इंग्रजी कळत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मी बी.एस्सी. आहे. वनस्पतिशास्त्राची जाडजूड पुस्तकं मी कराडच्या कॉलेजात इंग्रजीतूनच वाचली, पेपरही इंग्रजीतच लिहिले. बोलायची वेळ मात्र कधी आली नव्हती, कारण कराडात मी इंग्रजी बोलणार कुणाशी? एक बाई म्हणाली, मुलगी गोड आहे, पण अगदी शून्यापासून सुरुवात करावी लागेल. दुसरी, जी मुख्याध्यापिका होती, ती म्हणाली, आणि आईकडून काही मदत होईल असं दिसत नाही. मी ते ऐकलं, मला ते समजलं आणि मी हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

यांची विमा कंपनीत बढतीवर बदली झाली म्हणून आम्ही जयपूरला आलो होतो. नव्या शतकाची तेव्हा चार-पाच वर्षंच झाली होती. दुर्गापुऱ्यात, कृषी संशोधन केंद्राच्या शेतांपासून दोन गल्ल्या आत, एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. खाली घरमालकीण राहायच्या. मुलगी सात वर्षांची. तिची पहिली मराठी शाळेत झाली होती आणि ती भरपूर बोलायची. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलायची, जेवताना बोलायची, दात घासताना फेसासकट बोलायची. इथे मराठी शाळा मिळण्याचा प्रश्नच नव्हता आणि हिंदी शाळेत घातलं तर तीन वर्षांनी पुढच्या बदलीला पुन्हा अडचण. म्हणून इंग्रजी शाळा. दुसरीत एक जागा रिकामी होती, ती आम्हाला मिळाली.

शाळेत दर सोमवारी वीस शब्दांची यादी मिळायची आणि शनिवारी त्यांचं डिक्टेशन असायचं. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणायचा. सुरुवातीला माझ्या मुलीचे वीसपैकी सतरा-अठरा शब्द चुकायचे. म्हणजे रविवारी पावणेदोनशे शब्द. ती पोट जमिनीला टेकवून लिहीत राहायची आणि मी स्वयंपाकघरातून बघत राहायची. एका रविवारी जवळ जाऊन पाहिलं तर तिने 'बिकॉज' दहाही वेळा चुकीचाच लिहिला होता, एकाच चुकीने, सुंदर अक्षरात. मी विचारलं, याचा अर्थ काय गं? तिला माहीत नव्हता. त्या वीस शब्दांपैकी चारांचा अर्थ तिला माहीत होता. बाकीचे सोळा ती नुसतीच उतरवून काढत होती.

सप्टेंबरात पहिल्या चाचणीनंतर मला बोलावणं आलं. वर्गशिक्षिका तरुण होत्या, वर्गात पंचेचाळीस मुलं, आवाज बसलेला. त्या गप्प उभ्या राहिल्या आणि मुख्याध्यापिका बोलल्या. "मैडम, घर में मराठी बिल्कुल बंद कीजिए. बच्ची कन्फ्यूज़ हो रही है. खाना, खेलना, डाँटना, सब इंग्लिश में."

मी घरी येऊन यांना सांगितलं. यांना ते पटलं. यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं इंग्रजी शाळांत होती आणि त्यांच्या घरांतही म्हणे तसंच चालायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे गोपालपुरा बायपासवरून, जिथे कोचिंग क्लासच्या पाट्यांमुळे घरं दिसत नाहीत, तिथून 'घरातली इंग्रजी संभाषणं' असलं एक पुस्तक घेऊन आले. मी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत नियम लिहिला, घरी फक्त इंग्रजी, आणि तो फ्रिजवर चिकटवला. म्हणजे तोही इंग्रजीतच लिहिला. मराठी माध्यमात शिकलेली माणसंच असा गाढवपणा करू शकतात. ज्यांच्या घरात इंग्रजी खरंच बोलतात, त्यांना त्याची इतकी भीती नसते आणि इतका आदरही नसतो. आम्हाला दोन्ही होतं.

पहिले काही दिवस गंमत वाटली. हे कचेरीतून आले की दारातूनच "गुड इव्हिनिंग, फॅमिली" म्हणायचे. पुस्तकातला बाप तसं म्हणायचा. मी "प्लीज टेक वन मोअर चपाती" म्हणायची. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मला इंग्रजीत रागावता येत नाही. कराडची बाई मी, रागावले की माझी जीभ कात्रीसारखी चालते. इंग्रजीत माझ्याकडे एकच हत्यार होतं, "व्हेरी बॅड". दूध सांडलं, व्हेरी बॅड. वही हरवली, व्हेरी बॅड. लाड करता येत नव्हते ते वेगळंच. तिची वेणी घालताना मी पूर्वी तिला काय काय म्हणायची, त्यातलं एकही इंग्रजीत निघेना. मग मी गप्प राहून वेणी घालायला लागले. आमचं आपसातलं भांडणही बंद पडलं, ते यांना फार आवडलं. घरात शांतता पसरली. आणि मुलगीही शांत झाली. मी किती मूर्ख असावं? मला वाटलं, पोरगी शहाणी झाली, समजूतदार झाली. खालच्या घरमालकीण एकदा जिन्यात म्हणाल्या, "आपकी गुड़िया की आवाज़ ही नहीं आती आजकल." मी ते कौतुक समजून घेतलं.

असे तीन आठवडे गेले. एका रविवारी सकाळी मी तिची उशी उन्हात टाकायला उचलली तर अभ्र्यावर पिवळट डाग. वाटलं काहीतरी सांडलं असेल. मग तिच्याकडे पाहिलं. ती डाव्या कानावर तळहात दाबून पलंगाच्या कडेला बसली होती, आणि कानाच्या पाळीखाली पू वाळला होता.

स्कूटरवर तिला आमच्या दोघांच्या मध्ये बसवून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, कब से दर्द है? तिने तीन बोटं दाखवली. डॉक्टर माझ्यावर भडकले. तीन दिवस मुलीचा कान दुखतोय आणि आईला पत्ता नाही? पडदा फुटलाय, नशीब समजा की भरून येईल. मला खरंच पत्ता नव्हता. त्या तीन दिवसांत मी तिला वीस शब्द दोनदा घोकवून घेतले होते.

घरी आल्यावर मी तिला मांडीवर घेतलं आणि मराठीत विचारलं, अगं, सांगितलं का नाहीस मला? तिने फ्रिजकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "कान ठणकतोय याला काय म्हणायचं, मला येत नव्हतं. मी पुस्तकात बघितलं. त्यात नव्हतं."

मला जे वाटलं ते मी लिहून सांगू शकेन असं मला वाटत नाही, पण लाज वाटली हे नक्की. आधी लाज, मग राग. तिच्यावर नाही, त्या शाळेवरही पहिल्यांदा नाही, माझ्यावर. मी उठले, फ्रिजवरचा कागद ओढून काढला, त्याचे तुकडे केले आणि पुस्तक रद्दीत टाकलं. हे म्हणाले, पुस्तक कशाला, त्याला पैसे पडलेत. मी म्हटलं, मग तुम्ही वाचा बाहेर पायरीवर बसून, या घरात नको. पाच मिनिटं मी अखंड मराठीत बोलले. तीन आठवड्यांचं साठलेलं बाहेर पडलं आणि त्यात यांनाही बरंच ऐकावं लागलं. मुलगी कानात कापूस घालून बसली होती आणि चक्क हसत होती.

त्या दिवशी मी ठरवलं की हिला इंग्रजी मीच शिकवणार. आईकडून मदत होईल असं दिसत नाही म्हणे! आणि शिकवणार ती मराठीतून शिकवणार, कारण मला दुसरं कसं शिकवतात ते माहीतच नव्हतं. मी स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले. शेजारी मराठी अर्थ लिहून, एकेक शब्द घट्ट पकडून शिकले, आणि त्याच इंग्रजीवर पदवी मिळवली. मग ती पद्धत वाईट कशी?

एक दोनशे पानी वही आणली. पानावर तीन कप्पे आखले. पहिला मराठी, दुसरा हिंदी, तिसरा इंग्रजी. शब्द शाळेच्या यादीतून सुरू करायचा नाही, हे मी ठरवलं होतं. शब्द तिच्या तोंडून यायला हवा. शाळेतून आली की ती बोलायची, तिला वाट्टेल ते, आणि त्या बोलण्यातले चार-पाच शब्द मी पहिल्या कप्प्यात लिहायची. भांडण, कुलूप, जिना, खोडरबर. हिंदी ती एव्हाना माझ्यापेक्षा चांगलं बोलायला लागली होती, तो कप्पा तीच भरायची आणि माझी हिंदी ऐकून खो खो हसायची. इंग्रजी आम्ही दोघी मिळून शब्दकोशात शोधायचो. कधी इंग्रजी शब्द सापडायचाच नाही. 'उष्टं' लिहिलं तेव्हा आम्ही सगळा शब्दकोश पालथा घातला. नाही मिळाला. तिला आधी खरं वाटेना. "मतलब, त्यांच्याकडे हा शब्द नाहीच?" नाहीच, मी म्हटलं, रिकामा सोड कप्पा. त्या रिकाम्या कप्प्याचा तिला इतका आनंद झाला की तिने त्यात एक फूल काढलं.

अर्थ असा जमला, पण स्पेलिंगचं काय? पेन्सिल हातात घेतली की तिचा हात आखडायचा. लाल शाईची तिने धास्ती घेतली होती. मला माझ्या आजोबांनी सांगितलेली धूळपाटी आठवली. त्यांच्या लहानपणी पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवायचे, चुकलं की हाताने पुसायचं. आता जयपुरात धुळीला काही तोटा नव्हता, पण मला पोळ्या करायच्याच होत्या. मी परातीत कणीक चाळली, हाताने सपाट केली आणि ती परात तिच्या पुढ्यात सरकवली. लिही बोटाने.

तिने 'स्कूल' लिहिलं, चुकलं. मी तळहाताने पीठ सारखं केलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा चुकलं. पुन्हा सारखं केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, रागावण्याची वाट बघत. मी नुसतं पीठ सारखं केलं. चौथ्यांदा बरोबर आलं. मग मी त्यावर पाणी ओतलं आणि कणीक मळली. ती ओरडली, "आई, माझा शब्द!" मी म्हटलं, आता त्याची पोळी होईल, खा. त्या दिवशीपासून रोज संध्याकाळी आमचा हा कार्यक्रम सुरू झाला. पिठात बोट फिरवताना ती अक्षरं मोठ्याने म्हणायची, पाढे म्हणतात तशी, चालीवर. जो शब्द शेवटी बरोबर यायचा, त्याची पोळी. यांच्या ताटात पोळी वाढताना ती सांगायची, "बाबा, तुमची 'विंडो' आहे, माझी 'फ्रेंड' आहे." हे आधी पिठाच्या स्वच्छतेबद्दल काहीतरी पुटपुटले. नंतर त्यांनीच एकदा ऑफिसातून आल्या आल्या विचारलं, आज कशाची पोळी? कित्येक शब्द आम्ही असे खाऊन पचवले. शनिवारी तिचे वीसपैकी आठ बरोबर यायला लागले, मग दहा, मग बारा. पहिली येण्याची काही चिन्हं नव्हती. पण ती आता शनिवारी सकाळी पोट दुखतंय असं म्हणत नव्हती.

संक्रांतीला जयपूरचं आभाळ पतंगांनी भरतं आणि सगळं शहर गच्चीवर चढतं. घरमालकिणीच्या नातवंडांबरोबर माझी मुलगी दिवसभर ओरडत होती. मी तिळगूळ वाटत तिचा आवाज ऐकत होते आणि मनात म्हणत होते, सुटलो बाई. दुसऱ्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली.

झालं होतं असं. शाळेच्या वहीत दहा शब्दांचे अर्थ लिहायचे होते. तिने दहाही अर्थ बरोबर लिहिले, पण मराठीत. 'स्टबर्न'समोर हट्टी, 'स्टेल'समोर शिळं. घरी वहीत लिहितो तसं. त्यावर लाल शाईने भली मोठी फुली मारलेली होती. वर्गात उभं करून विचारलं तेव्हा तिने पिठाचं आणि पोळ्यांचंही सगळं सांगून टाकलं होतं. वर्ग हसला होता.

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. इंग्रजीत हमीपत्र होतं. आम्ही पालक अशी हमी देतो की घरी पाल्याशी केवळ इंग्रजीतूनच संभाषण करू. खाली आई आणि वडील यांच्या सह्यांसाठी दोन रेघा. त्या म्हणाल्या, मार्चमध्ये तोंडी परीक्षा आहे, ती मी स्वतः घेणार आहे. मुलगी काही बोलली नाही तर तिसरीत जाणार नाही, पुन्हा दुसरीत बसेल. आणि हा कागद सही होऊन आला नाही तर आम्ही तरी काय करणार? हे सगळं त्यांनी शांतपणे, गोड आवाजात सांगितलं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका जमिनीकडे बघत होत्या. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि निघाले. या वेळी हसले नाही.

घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. हे म्हणाले, "अगं, एक सही तर करायची आहे. कर आणि विसरून जा. घरात आपण काय बोलतो ते बघायला कोण येणार आहे?"

"आणि पोरीला काय सांगायचं? कागदावर एक लिही आणि घरी दुसरं वाग?"

"तिचं वर्ष जाईल. सात वर्षांच्या पोरीला पुन्हा त्याच वर्गात बसवणार तू? तुझ्या हट्टापायी?"

त्यांनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं. वर्ष माझं जाणार नव्हतं, तिचं जाणार होतं. तिच्याबरोबरची मुलं पुढे जाणार आणि ही पुन्हा त्याच बाकावर बसणार. दोन दिवस मी धड जेवले नाही. हमीपत्र टेबलावर पडून होतं आणि पेन त्याच्या शेजारीच होतं. एकदा तर मी पेनचं टोपण काढलंही. पण त्या कागदावर लिहिलेलं आम्ही तीन आठवडे पाळून बघितलं होतं आणि त्याचं काय झालं ते मी उशीवर पाहिलं होतं. पुन्हा तेच करीन असं मी लिहून देऊ? मेले तरी नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एक पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत. आयुष्यात पहिल्यांदा मी परीक्षेसाठी नसलेलं काहीतरी इंग्रजीत लिहीत होते. शब्दकोश मांडीवर घेऊन चार तास बसले. लिहिलं की, मॅडम, हमीपत्रावर आम्ही सही करणार नाही. आमच्या घरात आम्ही मराठी बोलतो आणि बोलणार. मुलीला कान दुखतो हे जिथे सांगता येत नाही, ते घर नव्हे. इंग्रजी शिकवणं हे शाळेचं काम आहे आणि त्यासाठी आम्ही तिला तुमच्याकडे पाठवतो. तरीसुद्धा मी घरी तिला रोज इंग्रजी शिकवते, माझ्या पद्धतीने, आणि ती शिकतेय. तुम्ही परीक्षा घ्या. त्यात ती नापास झाली तर दुसरीत बसवा, आम्ही तक्रार करणार नाही. पण नापास ती परीक्षेत व्हायला हवी, माझ्या सहीवरून नव्हे. खाली सही केली, पूर्ण नाव लिहिलं, आणि बी.एस्सी. हेही लिहिलं.

पत्र मुलीच्या दप्तरातून पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते त्याच दप्तरातून परत आलं. उत्तर नव्हतं. माझ्या पत्रातल्या पाच चुकांभोवती लाल शाईने गोल काढले होते. 'लँग्वेज' या शब्दातच माझी अक्षरं पुढे-मागे झाली होती. हे बघून यांचा चेहरा पडला. मला वाटतं माझ्यासाठी त्यांना वाईट वाटलं. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. आई आता काय करणार?

मी काय करणार? परात घेतली, पीठ पसरलं आणि तिच्यासमोर बसून ते पाचही शब्द बोटाने लिहिले. 'लँग्वेज' दुसऱ्यांदाही चुकला. तिने पीठ सारखं केलं आणि म्हणाली, "परत लिही, काही नाही होत." बरोबर आलं तेव्हा तिनेच टाळ्या वाजवल्या. मग मी नवा कागद घेतला आणि सगळं पत्र पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. पाच शब्द दुरुस्त केले. मजकुरातलं एक वाक्यही बदललं नाही. खाली एक ओळ वाढवली की चुका दाखवल्याबद्दल आभारी आहे. हे टेबलाशी येऊन उभे राहिले, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. सकाळी ऑफिसला जाताना स्कूटर शाळेवरून नेऊन त्यांनी ते स्वतः मुख्याध्यापिकांच्या हातात दिलं. त्यानंतर हमीपत्राबद्दल शाळेतून कुणी काही विचारलं नाही. परीक्षेची तारीख मात्र कळवली.

मार्चमध्ये ऊन चढायला लागलं होतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. दार अर्धं उघडं होतं. आत त्या, वर्गशिक्षिका आणि माझी मुलगी. चित्रांचे पत्ते होते. चित्र बघायचं, शब्द सांगायचा, स्पेलिंग सांगायचं, मग त्या शब्दाचं एक वाक्य करायचं. पहिली चार-पाच चित्रं नीट गेली. तिचा आवाज बारीक होता पण येत होता. एका स्पेलिंगला अडखळली, पुन्हा सुरुवात केली, गुडघ्यावर बोटाने लिहीत असणार हे मला बाहेरूनही कळलं. मग आत एकदम शांतता पसरली.

ती शांतता मी ओळखत होते. तीन आठवडे ती माझ्या घरात नांदली होती. संपलं, मला वाटलं. आता ही मान खाली घालून बसेल, मुख्याध्यापिका वहीत काहीतरी लिहितील, आणि हे सगळं मी माझ्या हट्टाने केलं. आत जाऊन तिला उचलून न्यावं असं वाटलं. मी अर्धी उठलेही.

तेवढ्यात तिचा आवाज आला, चांगला खणखणीत. "मॅम, आय डोन्ट नो दिस वन. यू टेल मी."

मला वाटतं त्या खोलीत बसून कुठल्या मुलाने त्यांना प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी. मग मुख्याध्यापिकांनी तो शब्द सांगितला. 'अँकर'. जहाजाचा नांगर. जयपूरच्या पोराने तो कुठे बघायचा? माझ्या मुलीने तो शब्द दोनदा म्हटला आणि लगेच विचारलं, "स्पेलिंग?" त्यांनी स्पेलिंग सांगितलं. "व्हाय एच? नोबडी इज सेइंग एच." यावर वर्गशिक्षिका फिस्सकन हसल्या, ते मला बाहेर स्पष्ट ऐकू आलं. मी बाकावर पुन्हा बसले. आतून तिचा आवाज येतच राहिला, तुटक, चुकीच्या इंग्रजीत, न थांबता. पत्ते संपले तरी ती बोलत होती. तिने त्यांना बहुधा नदी, होडी आणि कराडचा घाट असं सगळंच सांगायला घेतलं होतं, कारण मध्येच 'घाट' हा शब्द आला आणि त्याचं इंग्रजी तिने पुन्हा त्यांनाच विचारलं.

निकालाच्या दिवशी हे रजा काढून घरी थांबले होते. मी कार्ड आणून टेबलावर ठेवलं. तिसरीत गेली होती. इंग्रजीला 'सी' होता, त्याच्यापेक्षा खालची श्रेणी म्हणजे नापासच. आणि शेऱ्याच्या जागी, मुख्याध्यापिकांच्या टोकदार अक्षरात, लिहिलं होतं की मुलगी वर्गात फार बोलते, पालकांनी लक्ष द्यावं.

यांनी ते वाचलं, सुटकेचा मोठा श्वास सोडला आणि नेहमीच्या काळजीच्या सुरात म्हणाले, "तेवढं जरा तिला समजावून सांग. म्हणावं, वर्गात थोडी गप्प बसत जा."

मुलगी शेजारीच उभी होती आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"खबरदार," मी म्हटलं. "या घरात तिला कुणी गप्प बस म्हणायचं नाही."